कोंडलेल्या सापाचा घास आणि आपली भूतदया

दया हा शब्द बोलायला सोपा आहे, आचरायला अवघड आहे. गाईला घास घालावा, मुंग्यांना साखर टाकावी, उन्हाळ्यात पाखरांसाठी परसात पाणी ठेवावे, इथवर आपली दया सुखाने चालते. कारण इथे एकाला दिले म्हणून दुसऱ्याचे काही जात नाही. परंतु ज्या प्राण्याचे अन्नच मुळी दुसरा जीव आहे, त्याच्यापुढे आपण उभे राहिलो की आपल्या दयेची खरी परीक्षा लागते. त्याला जेवू घालावे तर एक जीव जातो. न घालावे तर तोच उपाशी मरतो. अशा ठिकाणी भूतदयेने कोणाची बाजू घ्यावी?

ही शंका केवळ पोथीतली राहिलेली नाही. आपल्यातील पुष्कळांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत, इंग्लंडात राहतात. तिकडे कुत्र्या-मांजरांप्रमाणे साप पाळण्याचीही हौस आहे. पश्चिम आफ्रिकेतील 'बॉल पायथन' नावाचा लहान जातीचा अजगर, अमेरिकेतलाच 'कॉर्न स्नेक', असे बिनविषारी साप काचेच्या पेटीत ठेवतात. समजा, गळ्यात तुळशीची माळ असलेले एक आजोबा नातवाकडे गेले. नातवाने पेटीचे झाकण उघडले आणि एक जिवंत उंदीर आत सोडला. आजोबांच्या तोंडून "अरे अरे!" निघाले. नातू म्हणाला, "आजोबा, ते त्याचं जेवण आहे. रानात तरी तो काय खातो? देवानंच त्याला तसा केलाय ना?" आता आजोबांनी काय उत्तर द्यावे? "पाप आहे" एवढे म्हणून गप्प बसावे, तर नातवाचे समाधान होणार नाही. "खरंच की बाबा, देवाची करणी" म्हणून मान डोलवावी, तर स्वतःच्या मनाचे समाधान होणार नाही. म्हणून या प्रश्नाचा थोडा मुळापासून विचार करू.

सापाचा दोष किती?

पहिली गोष्ट ही की, साप मांस खातो यात त्याचा काडीचाही दोष नाही. त्याच्या पोटाची घडणच तशी आहे. त्याला दाणे पचत नाहीत, पाला पचत नाही. आपण नागपंचमीला दुधाची वाटी पुढे करतो, पण दूध हे सापाचे अन्न नव्हे. गारुडी सणाच्या आधी त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवीत. मग तो पाणी समजून दुधाला तोंड लावी आणि भाविकांना वाटे, देव प्रसन्न झाला! ते दूध त्याला बाधते, फुप्फुसात गेले तर जीवही घेते. याचा अर्थ, आपल्या मनाला गोड वाटणारे अन्न दुसऱ्याला घालणे ही दया नव्हे. ज्याला जे हवे ते जाणणे ही दयेची पहिली पायरी आहे.

शेतात साप उंदीर खातो, त्यावाचून शेतकऱ्याचे धान्य घरी येणार नाही. धामण ही तर आपल्या शेताची बिनपगारी राखणदार. तेव्हा रानात साप आणि उंदीर यांचा जो व्यवहार चालतो, त्याला आपण हिंसा म्हणू नये. तिथे मारण्याचा संकल्प नाही, द्वेष नाही, हौस नाही. भूक आहे आणि जीव वाचवण्याची धडपड आहे. शिवाय, तिथे उंदरालाही देवाने पाय दिलेले आहेत, बीळ दिलेले आहे. दहा वेळा तो निसटतो, एकदा सापडतो.

आता काचेची पेटी पाहा. उंदीर तोच, साप तोच. परंतु बीळ नाही, पळायला वाट नाही, आडोसा नाही. सापालाही निवड नाही. त्याला भूक आहे की नाही हे कोणी विचारलेले नाही. दोघेही आपण होऊन इथे आलेले नाहीत. त्यांना आणणारा, झाकण लावणारा आणि वर उभा राहून पाहणारा एक तिसराच आहे. रानात दोघेच होते, इथे तिघे झाले. आणि हा तिसरा आला की कर्तेपण त्याच्याकडे जाते. "मी कुठे मारले, सापाने मारले," असे त्याला म्हणता येणार नाही. ज्याने वाट बंद केली, त्याचाच हात त्या मारण्यात आधी आहे. "रानातही असेच होते" या वाक्यात नातवाची चूक होते ती इथे. रानातले मरण आणि पेटीतले मरण दिसायला सारखे, पण त्यांचा धनी निराळा.

शिबी राजाचा ताजवा

आपल्याकडे या प्रश्नावर फार जुन्या काळापासून विचार झालेला आहे. महाभारताच्या वनपर्वातील शिबी राजाची गोष्ट आपण कीर्तनातून कितीदा तरी ऐकली आहे. ससाण्याच्या भीतीने कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडले. राजाने त्याला अभय दिले. आपण इथेच टाळ वाजवतो आणि राजाची स्तुती करतो. पण गोष्टीचा खरा गाभा पुढे आहे. ससाणा येऊन म्हणतो की, हे माझे अन्न आहे. तू याला वाचवलेस तर मी मरेन, माझी बायकापोरे मरतील. एका जिवावर दया करून इतक्या जिवांना मारणे हा कुठला धर्म?

ससाण्याचे म्हणणे खोटे नाही. राजाही त्याला "तू दुष्ट आहेस" असे म्हणत नाही. त्याला कळते की इथे दोन्ही बाजू खऱ्या आहेत. अशा वेळी तो काय करतो? तो ताजवा मागवतो आणि कबुतराच्या भाराइतके स्वतःचे मांस कापून घालू लागतो, आणि शेवटी स्वतःच पारड्यात बसतो. या गोष्टीचे मर्म असे की, दोन जिवांच्या मध्ये जो माणूस आपण होऊन उभा राहतो, त्याला फुकट उभे राहता येत नाही. त्याचे मोल त्याने स्वतः भरावे लागते. राजाने कबुतराला अभय दिले, म्हणून ससाण्याच्या भुकेचा भार त्याच्यावर आला. साप पाळणाऱ्याने सापाला घरात आणले, म्हणून सापाच्या भुकेचा आणि त्या भुकेपायी मरणाऱ्या प्रत्येक उंदराचा भार त्याच्यावर आला. मांस कापून द्यावे असे आपण कोणाला सांगत नाही. परंतु निदान थोडी तसदी, थोडे ज्ञान, थोडा खर्च, थोडे मन मारणे एवढे मोल तरी भरावे. ते मोल न भरता केवळ गंमत पाहायची असेल, तर तो ताजव्यात बसलेला नाही, तो तमासगीर आहे.

जिवंत भक्ष्याने सापाचेच हाल

कोणी म्हणेल, "जिवंत उंदीर घातला तर सापाला तरी आनंद होतो ना? त्याच्या स्वभावाप्रमाणे शिकार मिळते." इथे व्यवहारातली माहिती पाहिली पाहिजे, कारण अज्ञानाची दया बहुधा उलटी पडते.

उंदीर लहान असला तरी त्याचे दात पटाशीसारखे धारदार असतात. कोंडलेला, घाबरलेला उंदीर मुकाट्याने मरत नाही, तो चावतो. साप भुकेला असेल तर एका झडपेत काम होते. परंतु बॉल पायथन हा कित्येकदा आठवडेच्या आठवडे अन्नाला तोंड लावीत नाही. कात टाकण्याच्या वेळी सापाच्या डोळ्यांवर दुधाळ झापड येते, त्याला धड दिसत नाही. पेटीत पुरेशी ऊब नसेल तर त्याचे अंग जड होते. अशा वेळी मालक उंदीर टाकून झोपायला निघून गेला, तर रात्रभरात तो उंदीरच सापाला कुरतडतो. साप वेटोळे घालून मुकाट पडून राहतो आणि त्याच्या पाठीवरचे मांस, कधी डोळा, कधी कण्यापर्यंतचा भाग खाल्ला जातो. ज्याला आपण शिकारी म्हटले तोच शिकार होतो. अशा जखमा परदेशातील प्राण्यांच्या डॉक्टरांना नवीन नाहीत.

जखम झाली तर काय करावे, हेही सांगून ठेवतो. कोणाचा नातू, कोणाचा भाचा विचारील तेव्हा उपयोगी पडेल. ओरखडा वरवरचा असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने किंवा पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने जखम धुवावी. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नये, त्याने नवे मांस जळते. माणसांची दुखणे बधिर करणारी मलमे लावू नयेत. पेटीतला भुसा, साली काढून टाकून स्वच्छ कागद अंथरावा आणि तो रोज बदलावा. उबेची सोय नीट ठेवावी, कारण सापाचे अंग थंड राहिले की जखमही भरत नाही. जखम खोल असेल, डोळ्याला किंवा तोंडाला असेल, सूज किंवा पू दिसत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टराकडेच न्यावे. सापाच्या अंगातला पू आपल्यासारखा वाहत नाही, घट्ट गाठ होऊन आत बसतो, म्हणून घरगुती उपचारात दिवस घालवणे घातक. बरे व्हायला महिने लागतात, व्रण पुढच्या कित्येक कातींपर्यंत दिसत राहतो.

म्हणून तिकडील जाणकार पाळणारे जिवंत भक्ष्य घालीतच नाहीत. आधीच मारून बर्फात गोठवलेला उंदीर मिळतो. तो हळूहळू वितळवून, पिशवीत घालून कोमट पाण्यात ऊन करून, लांब चिमट्याने सापापुढे धरतात. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून जाड नसावा, एवढे पथ्य पाळतात. बहुतेक साप या अन्नाला सरावतात.

आता हौशी माणसाला हेही सांगितले पाहिजे की, साप चावतो तो पुष्कळदा त्याच्या चुकीने. उंदीर हाताळलेला हात न धुता पेटीत घातला, की सापाला वासावरून तो हातच भक्ष्य वाटतो. बिनविषारी साप असा चिकटला तर हिसकू नये. त्याचे दात आत वळलेले असतात, ओढले की कातडी फाटते आणि त्याचेही दात तुटतात. त्याच्या तोंडावर गार पाणी सोडले की तो बहुधा सोडतो. जखम साबणाने भरपूर धुवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे की नाही ते डॉक्टरला विचारावे. सापाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात, म्हणून लहान मुलांच्या घरात तर विशेष काळजी हवी.

मारून घातले म्हणजे सुटलो का?

इथे कोणी सूक्ष्म बुद्धीचा साधक विचारील, "महाराज, जिवंत घातला काय किंवा आधी मारून घातला काय, उंदीर मेलाच ना?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला चुकवून जाणे बरे नाही. होय, उंदीर मेलाच. गोठवलेल्या उंदराच्या मागेही एक जीव गेलेला आहे, कुठेतरी पेटीत वायू सोडून त्याला मारलेले आहे. दृष्टीआड झाले म्हणून हिंसा नाहीशी होत नाही. तथापि दोन्ही सारखेच म्हणणेही बरोबर नाही. एकात भीतीचा लांबलेला काळ आहे, कोंडलेल्या जिवाची धडपड आहे, सापाला इजा आहे आणि पाहणाऱ्याच्या मनात क्रूरपणाची चटक लागण्याचा धोका आहे. दुसऱ्यात हे सारे पुष्कळ कमी आहे. मरण टाळता येत नसेल तिथे यातना टाळावी, हा धर्म लहान नाही. पण कमी यातना दिली म्हणजे आपण शुद्ध झालो, असेही समजू नये.

म्हणून खरा प्रश्न एक पायरी मागे जाऊन विचारावा लागतो. जिवंत घालावा की मेलेला, याच्या आधी, मुळात सापाला कोंडावे का? वीस-पंचवीस वर्षे जगणारा प्राणी आपण हौसेने आणतो, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांच्या उंदरांचे मरण आपण त्याच दिवशी विकत घेतो. हौस ओसरली की मग काय? अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात लोकांनी पाळलेले ब्रह्मदेशी अजगर एव्हरग्लेड्स नावाच्या दलदलीच्या रानात जाऊन पोचले आणि तिथे वाढले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, ज्या भागात ते अजगर फार दिवसांपासून आहेत, तिथे रॅकून, ऑपॉसम यांसारखे प्राणी जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. "सोडून दिला, मोकळा केला" ही दया वाटली, पण तिने हजारो जीव घेतले. तेव्हा परदेशी साप ज्याच्या पदरात आहे, त्याने त्याला रानात सोडू नये, उपाशी ठेवू नये, नीट जगवावे. आणि ज्याच्या पदरात नाही, त्याने हौसेसाठी आणू नये. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, अजगर असे देशी साप पकडून पाळणे हा गुन्हाच आहे. ठरावीक परदेशी जातींचे प्राणी कोणाजवळ असले, तर २०२४ सालच्या नियमांप्रमाणे त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

आफ्रिकेतील बेनिन देशात विदा नावाचे गाव आहे. हाच बॉल पायथन त्या मुलखातला. तिथे या अजगरांचे देऊळ आहे आणि लोक त्यांना पूज्य मानतात. तिथली चाल अशी सांगतात की, साप देवळात कोंडून ठेवीत नाहीत. रात्री त्यांना बाहेर जाऊ देतात, ते आपले अन्न आपण शोधतात, आणि सकाळी कोणाच्या घरात सापडला तर घरधनी त्याला न मारता देवळात आणून पोचवतो. पाहा, त्या लोकांना आपली नागपंचमी माहीत नाही, पण पूजा कशी करावी हे त्यांना उमगले आहे. आपल्याकडेही सणाच्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचे नाही, घरात चिरायचे नाही, असा नेम आहे. त्या नेमाचे मर्म सापाला दूध पाजण्यात नाही, त्याला त्याच्या जागी सुखाने राहू देण्यात आहे.

हौस आणि गरज

इथे आणखी एक कठीण गाठ आहे. साप कोंडणे वाईट म्हणावे, तर सर्पदंशावरचे औषध येते कुठून? १८९० नंतरच्या काही वर्षांत आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने नागाच्या विषावरची पहिली लस तयार केली. आजही रीत मूळ तीच आहे. सापाचे विष काढतात, ते अगदी थोड्या थोड्या मात्रेने घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार होतो, आणि त्या रक्तातून औषध काढतात. मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेचे नाव आपल्याकडे याच कामासाठी घरोघर माहीत आहे. चेन्नईजवळ इरुळ जमातीच्या लोकांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था विष काढण्याचे काम करते. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे. ते साप पकडतात, काही आठवडे ठेवून थोडे थोडे विष काढतात आणि पुन्हा रानात सोडून देतात.

इथेही साप कोंडलेला आहे, घोड्याला टोचलेले आहे. पण याला आणि काचेच्या पेटीतल्या हौसेला एकाच मापाने मोजता येईल काय? एका बाजूला एका माणसाची करमणूक आहे. दुसऱ्या बाजूला भाताच्या खाचरात वाकलेली बाई आहे, उसाला रात्रीचे पाणी धरणारा गडी आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे, २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, गरीब, कष्टाची. गरज आणि हौस यांतला हा भेद ज्याला कळला, त्याला या प्रश्नातले निम्मे उत्तर सापडले. मात्र गरज आहे म्हणून हवे तसे वागावे असे नाही. तिथेही जेवढे लागेल तेवढेच घ्यावे, जेवढे दुःख टाळता येईल तेवढे टाळावे, आणि घेतल्यावर इरुळांप्रमाणे परत सोडावे.

आता जरा आपल्याकडेही वळून पाहू. नातवाच्या पेटीतल्या उंदराकरिता ज्यांचे मन कळवळले, त्यांच्या घरात चिकट पुठ्ठ्यावर अडकून रात्रभर चिरकणारा उंदीर सकाळी कचऱ्यात जातो की नाही? धान्याला घातलेले विष खाऊन मेलेला उंदीर घुबडाने, सापाने खाल्ला तर त्यालाही बाधतो. उंदराला आवरणे संसारी माणसाला सुटत नाही, हे खरे. पण कणग्या घट्ट झाकणे, भोके बुजवणे, पिंजरा लावला तर तो वेळेवर पाहणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. दुसऱ्याच्या घरातली हिंसा डोळ्यांत खुपते आणि आपल्या घरातली सवयीने दिसेनाशी होते, असे होऊ नये.

दंश झाला तर

वारकऱ्यांना हा विषय दूरचा नाही. या अभ्यासात निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत झालेले दिसतात, आणि आपली आषाढीची वाट नेमकी त्याच दिवसांत चालते. दिंडीचा मुक्काम शेतात, पालात, शाळेच्या ओट्यावर पडतो. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दातांची खूण कधी कधी दिसतही नाही, सूज नाही, आग नाही. माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास कोंडतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप, आणि या चारींवर एकच औषध सरकारी दवाखान्यात मिळते.

तेव्हा काही नेम ध्यानात धरावेत. रात्री बाहेर जाताना विजेरी घ्यावी. शक्य तर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. अंथरूण, पिशवी, वहाणा झटकल्याशिवाय हात-पाय घालू नये. दंश झाला तर माणसाला धीर द्यावा, चालवू नये. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी लावून हात किंवा पाय हलू देऊ नये. अंगठी, कडे, जोडवी काढून ठेवावीत. आवळून दोरी बांधू नये, ब्लेडने कापू नये, तोंडाने ओढू नये, बर्फ लावू नये. साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून ओळखतात, आणि रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हेही पाहतात. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने मोठा दवाखाना गाठावा. मुलाला लहान आहे म्हणून औषध कमी लागत नाही, कारण सापाने विष मुलाचे वय पाहून कमी टोचलेले नसते. केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये जी योजना जाहीर केली, तिचा संकल्प २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आहे. पण दवाखान्यात पोचायला उशीर झाला तर कुठलीच योजना कामाची नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. आपल्यात अजून दंश झाला की देवळात नेऊन ठेवण्याची, मांत्रिकाकडून उतरवून घेण्याची रीत काही ठिकाणी आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात, विषारीही दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणून मांत्रिकाला यश मिळाल्यासारखे दिसते. ज्याला खरोखर विष भिनले, त्याचे ते दोन तास देवळाच्या पायरीवर जातात. देवाचे नाव घेऊ नये असे कोण म्हणेल? नाम घ्यावे, जरूर घ्यावे, पण गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर घ्यावे. विठोबाला आपला भाव हवा, आपल्या लेकराचा जीव नको.

आणि दंशानंतर सापाला शोधून ठेचण्याची जी सुडाची ऊर्मी येते, तिच्याविषयी महाभारताच्या अनुशासनपर्वात गौतमी नावाच्या म्हातारीची कथा आहे. तिचा मुलगा सर्पदंशाने गेला. व्याधाने साप बांधून आणला आणि विचारले, "कसा मारू?" ती माऊली म्हणाली की, याला मारल्याने माझा मुलगा उठणार नाही, सोड याला. पुढे साप, मृत्यू आणि काळ यांचा मोठा वाद आहे, परंतु आपल्याला त्या बाईचे एवढे वाक्यच पुरे. जिचे सर्वस्व गेले तिला जे साधले, ते आपल्याला काठी हातात असताना साधले पाहिजे. सर्पमित्राला बोलवावे, वाट सोडून उभे राहावे.

मग आजोबांनी नातवाला काय सांगावे? रागावू नये आणि मानही डोलवू नये. जवळ बसवून म्हणावे, "बाळ, सापानं उंदीर खाल्ला यात सापाचं पाप नाही. पण पेटीचं झाकण तू लावलंस, म्हणून दोघांचंही देणं तुझ्याकडे आहे. आणलायस तर त्याला नीट सांभाळ, जिवंत उंदीर घालू नकोस, गंमत म्हणून तर कधीच पाहू नकोस. आणि हा आपलं आयुष्य पुरं करून गेला की दुसरा आणू नकोस."

एवढे नातवाला पटले तर उत्तम. न पटले तरी आजोबांनी घरी परत आल्यावर आपल्या कणगीचे झाकण आणि उंदराचा पिंजरा एकदा नीट पाहावा. भूतदया शिकवण्याचा तोही एक मार्ग आहे.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!